शून्य मिनिटांचा फरक

काका प्रोग्राम टीव्हीवर लिहायचे. भिंतीवर बत्तीस इंची टीव्ही, त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर, आणि समोर वेताच्या खुर्चीत मांडीवर कीबोर्ड घेऊन बसलेले काका. अक्षरं एवढी मोठी की पडद्यावर एका वेळी सहा ओळी मावायच्या. सातवी लिहिली की पहिली वर निघून जायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलेच. म्हटलं, "काका, मागचं-पुढचं दिसतच नाही, मग काम कसं करता?" तर म्हणाले, "ड्रॉइंग लांबून बघायचं असतं. जवळून बघणाऱ्याला नुसती रेघ दिसते."

मला ते वाक्य फार भारी वाटलं होतं. वहीत लिहून घेतलं होतं. आता त्या वाक्याचं काय करावं ते मला कळत नाही.

काका नात्यातले नव्हेत. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे आईबाबांच्या वयाचा दिसेल तो मराठी माणूस काका आणि त्याची बायको काकू. त्यांचं घराणं सात-आठ पिढ्यांपूर्वी भिक्षुकी करायला इकडे आलं. आम्ही बाबांच्या बदलीबरोबर नागपूरहून आलो. चौदा वर्षं झाली, पण काकांच्या हिशेबी आम्ही अजून पाहुणे.

भिक्षुकी काकांनी केली नाही. ते मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तिथली एक सवय मात्र घरी घेऊन आले. कारखान्यातल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकोन असायचे: काढलं, तपासलं, मंजूर. तिन्ही सह्या वेगवेगळ्या माणसांच्या. एका माणसाने दोन चौकोनांत सही केली तर ते ड्रॉइंग कागद म्हणूनसुद्धा धरायचं नाही. सीपरी बाजारातल्या त्यांच्या घरी किराण्याच्या यादीलाही हे तीन चौकोन होते. काढली काकांनी, तपासली काकूंनी, आणि मंजुरीला यादी खाली भांड्यांच्या दुकानात जायची. दुकानदार भैयाजी गिऱ्हाईक थांबवून सही ठोकायचे: "लाओ बाबूजी, दो किलो शक्कर मंजूर! पर बेसन ज़्यादा लिख दिया आपने।" एकदा त्यांनी खरोखरच बेसन नामंजूर केलं, आणि काकांनी ते आणलं नाही. काकू दोन दिवस बोलत नव्हत्या.

आता प्रोग्रामची गोष्ट. ती काकूंकडून ऐकावी.

"लग्न होऊन सांगलीहून इकडे आले. पहिलीच संकष्टी. सासूबाईंच्या माजघरात महाराष्ट्रातून मागवलेलं पंचांग टांगलेलं, त्यात चंद्रोदय मुंबईचा. मी खिडकीतून बघते तर चंद्र समोरच्या गच्चीवर हातभर वर आलेला. म्हटलं, सासूबाई, आला की! तर म्हणाल्या, अजून वीस मिनिटं आहेत. अहो, तो बघा तरी, म्हटलं. तर म्हणतात कशा, सूनबाई, तो इथला. आपला अजून यायचाय."

हे सांगताना काकू दर वेळी हसायच्या, आणि काका दर वेळी गंभीर व्हायचे. "सात पिढ्या झाशीत," ते म्हणायचे, "आणि उपास मुंबईच्या चंद्रावर!" झाशी मुंबईच्या पूर्वेला, म्हणून इथे चंद्र आधी उगवतो. एवढी साधी गोष्ट घरात कोणाला पटेना. मग नव्या बायकोची भूक मोडायला काकांनी हाताने गणित मांडलं, ट्रेसिंगच्या रद्दी कागदांच्या पाठीवर. पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आले, ते शिकले, गणिताचा प्रोग्राम झाला. झाशीचा झाला तसा कुठल्याही गावाचा झाला. चंद्रोदयाबरोबर तिथ्या आल्या, महिने आले. निवृत्तीनंतर त्यांनी तो इंटरनेटवर ठेवून दिला, आतल्या सगळ्या ओळी उघड्या. सोबत एक वाक्य: "घ्या, वापरा, चूक दिसली तर कळवा."

लोकांनी घेतला. तुमच्या फोनमधलं पंचांग आज चंद्रोदय किती वाजता ते दाखवतं ना? तो आकडा कुठून येतो याचा विचार तुम्ही कधी केलाय? मीही केला नव्हता. किती ॲपच्या पोटात काकांचा प्रोग्राम आहे ते कोणालाच माहीत नाही, कारण घेताना सांगायची सक्ती नव्हती. आणि सक्ती नसताना कोण सांगतो?

काका मात्र स्वतःवर सक्ती करून होते. दर संकष्टीला लक्ष्मी ताल नावाच्या तलावाकाठी जायचं, पूर्वेकडे तोंड करून घडीच्या स्टुलावर बसायचं, आणि चंद्र डोळ्यांनी दिसला ती वेळ लिहायची. प्रोग्रामची वेळ आणि दिसल्याची वेळ यांत धुळीने, झाडांनी दोन-चार मिनिटं फरक पडतोच. तो फरकही लिहायचा. ही नोंदवही प्रोग्रामसोबत सगळ्यांना बघायला खुली. तिच्या प्रत्येक ओळीत तेच तीन चौकोन. काढलं: काका. मंजूर: काकू. आणि तपासलं या चौकोनात काका लिहायचे, 'चंद्र'.

ॲपवाल्यांनी हेसुद्धा विकलं. "दर महिन्याला प्रत्यक्ष चंद्र पाहून तपासलेलं पंचांग", असं एकाने जाहिरातीतच छापलंय.

मी या घरात शिरले ती एका मेलमुळे. आमचा चार जणांचा गट आहे. आम्ही कंत्राटी कामगारांसाठी, घरपोच सामान पोचवणाऱ्या पोरापोरींसाठी पत्रकं काढतो आणि गेटवर उभं राहून वाटतो. पत्रक कसं लिहायचं ते मला तिथे शिकवलं: वाक्य छोटं, शत्रू एक, मागणी एक. त्या दिवशी काकूंनी बोलावून घेतलं, "इंग्रजी पत्र आलंय, जरा वाचून दे." पंचांगाचं ॲप चालवणारी एक कंपनी. इकडच्या हिंदी लोकांचा महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपला अमावास्येनंतर, त्यात प्रोग्राम एके ठिकाणी चुकत होता. मेलमध्ये ना नमस्कार, ना नाव. तातडीचं आहे, ग्राहक तक्रार करताहेत, उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा. बस्स.

काकांना ताप होता. दोन दिवस ते टीव्हीसमोर बसले. सहा-सहा ओळी करत चूक शोधली, दुरुस्त केली, क्षमा मागणारं उत्तर मला सांगून लिहवलं. त्यावर कंपनीचं उत्तर आलं: नोंद घेतली.

माझं डोकं फिरलं. लाज वाटायला पाहिजे! ज्याच्या जिवावर धंदा चाललाय तो माणूस कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, एका अक्षराने विचारणा नाही. मी घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी काकांपुढे ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. काकूंकडे सरकवलं, "वाच." काकू मोठ्याने वाचायला लागल्या, हातात लाल पेन्सिल. मला वाटलं, काय साहेबी थाट आहे!

"'लाखो घरांतल्या बायका...'"

"थांब," काका म्हणाले. "मोजलंस का?"

"अंदाज आहे, काका."

"मग अंदाजे असं लिही. पुढे."

"'एका वृद्ध तंत्रज्ञाचं निर्लज्ज शोषण...'"

"वृद्ध काढ."

"आणि शोषण?"

"ते कोणी केलं?"

"कंपनीनं!"

"कंपनीनं माझं काय नेलं? प्रोग्राम तर इथेच आहे."

काकू पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "दोन दिवस तापात बसला होतात, ते?"

"ते माझी चूक होती म्हणून. चूक माझी, ताप माझा. त्यात कंपनी कुठून आली?"

मालक शोषण करतो आणि कामगार म्हणतो माझी चूक, हे मी गेटवर शंभरदा पाहिलंय. पण काका कोणाचे कामगार नव्हते. त्यांना कोणी कामावर ठेवलं नव्हतं, काढूही शकत नव्हतं. शत्रू एक, मागणी एक, या साच्यात हा माणूस बसेचना. पत्रक पडून राहिलं.

मग मला दुसरी युक्ती सुचली. कॉलेजात थोडं प्रोग्रामिंग केलं होतं. काकांच्या प्रोग्रामसाठी मी चार ओळींचा एक बदल लिहिला. तो असा: फक्त एका संकष्टीला, चंद्रोदयाच्या जागी वेळ दिसायची नाही. तिथे दिसेल, "ही वेळ तुम्हाला फुकट सांगणारा माणूस बहात्तर वर्षांचा आहे. त्याच्यामागे हे कोण करणार, असं कोणी विचारलं का?" ॲपवाले नवी आवृत्ती न बघता आपोआप उचलतात. एका संध्याकाळी सगळ्या फोनांवर हे झळकलं असतं.

मला वाटलं काका हाकलून देतील. त्यांनी चारही ओळी दोनदा वाचून घेतल्या आणि म्हणाले, "नीट लिहिलंयस. काढलं, तू. तपासणारा मी. मंजूर ही करेल. पण नियम माहीत आहे ना?"

नियम असा: ज्याला प्रोग्रामची एकही ओळ बदलायची आहे त्याने आधी तीन संकष्ट्यांचा चंद्रोदय स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि वेळ लिहून द्यायची. ढग असले तर ती संकष्टी धरायची नाही. मदत करू म्हणून आलेले भले भले इंजिनिअर हा नियम ऐकून पळाले होते. दुरुस्ती पाच मिनिटांची, आणि तीन महिने चंद्र कोण बघणार?

"मंजुरीचं माझंही एक आहे," काकू म्हणाल्या. "तुझं ते झळकेल त्या दिवशी बायका चंद्राची वेळ शोधत उपाशी बसतील."

"एकच दिवस, काकू."

"मग तू तीन दिवस बस. उपाशी पोटी बघ. पोट भरलेल्याला चंद्र लवकर आला काय नि उशिरा काय."

मी देव मानत नाही. उपास तर नाहीच नाही. पण म्हटलं, ठीक आहे. यांच्याच नियमाने यांना जिंकू.

पहिली संकष्टी फेब्रुवारीत. ई-रिक्षातून तालावर गेलो. घडीचं स्टूल, थर्मास, काकांचं मोठ्या काट्यांचं घड्याळ. काठावर एक चहाची टपरी होती, तिथला चहावाला काकांना 'चंदावाले बाबूजी' म्हणायचा. काका बसले आणि मला म्हणाले, "पूर्वेला काय काय आहे ते सांग." मी सांगितलं, झाडं आहेत, एक टॉवर आहे. "टॉवर झाडांच्या डावीकडे की उजवीकडे? दिवा आहे का त्यावर? झाडांमागे उजेड?" मला वाटलं, परीक्षा घेताहेत. गुरुजी आहेत शेवटी. चंद्र चपटा आणि लालभडक असा वर आला. प्रोग्रामच्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा. काका खुश झाले. "चार मिनिटं धूळ!" भुकेने माझं डोकं ठणकत होतं. तरी खरं सांगते, ज्या मिनिटाची वाट बघतोय त्याच मिनिटाच्या आसपास ते लाल टोक झाडांतून निघालेलं बघून अंगावर काटा आला. गटाच्या बैठकीत हे मी सांगितलं नाही.

परत येताना मी भांडले. "काका, तुमच्या या नियमामुळे कोणी टिकत नाही. उद्या तुमच्यामागे हे चालणार कसं?"

"तीन चंद्रांना जो टिकत नाही तो तीस वर्षं टिकेल?"

"पण एक तरी यायला हवा ना!"

"तू आलीस की."

"मी तुमचं काम बंद पाडायला आलेय!"

"हो," काका म्हणाले, "पण आलीस."

दुसरी संकष्टी मार्चमध्ये. सकाळपासून उपाशी. आणि संध्याकाळी तालावर पोचतो तर पूर्वेला अवेळी ढग, काळेकुट्ट. माझा जीव चडफडला. अख्खा महिना वाया जाणार. गटाला मी तारीख सांगून बसले होते, त्यांनी बाकीची तयारी केली होती. वेळ झाली. वेळ उलटून गेली. काका ताठ बसून थेट पूर्वेकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "दिसला का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मग ढगांकडे. आणि म्हटलं, "दिसला."

"किती?"

फोनवर प्रोग्रामची वेळ होती नऊ चौदा. मी तीन मिनिटं मिळवली. "नऊ सतरा."

"तीन मिनिटं धूळ," काका म्हणाले. "बरं. मागच्या वेळेपेक्षा हवा स्वच्छ आहे."

चहावाला किटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

ई-रिक्षात बसले तेव्हा आधी वाटलं, सुटले. मग मी मागे वळून बघितलं. पूर्वेला एवढा मोठा ढग होता. तो या माणसाला दिसला कसा नाही? टीव्हीवरची हाताएवढी अक्षरं. काकूंचं मोठ्याने वाचणं. टॉवर डावीकडे की उजवीकडे. मी ज्याला थाट समजत होते, तऱ्हा समजत होते, ते सगळं...

घरी आल्यावर मी नोंदवही उघडली आणि मागे मागे गेले. जुन्या ओळींत फरक दोन मिनिटं, पाच मिनिटं, तीन मिनिटं, आणि पावसाळ्यात ओळीच्या ओळी 'ढग'. मग काकूंचे गुडघे धरले आणि त्यांचं काकांबरोबर तालावर जाणं थांबलं तो महिना. तिथपासून फरक शून्य. शून्य. शून्य. अकरा महिने शून्य. श्रावणातसुद्धा एक ढग नाही. त्याखाली माझी पहिली खरी नोंद, चार मिनिटं. आणि तिच्याखाली माझी खोटी, तीन मिनिटं, बाकी सगळ्यांपेक्षा खरी वाटणारी.

म्हणजे चंद्र अकरा महिने कोणी पाहिलाच नव्हता.

आता सांगा, मी काय करायचं होतं? माझ्या हातात आयुष्यातलं सगळ्यात जोरदार पत्रक होतं. डोळे गेलेला म्हातारा, त्याच्या नजरेवर धंदा करणाऱ्या कंपन्या, आणि कोणालाही पत्ता नाही! पण ते छापलं तर इतक्या वर्षांत काकांनी कमावलेला विश्वास एका दुपारी गेला असता. आणि नाही छापलं तर प्रोग्राम असाच, काकांच्या डोळ्यांबरोबर, हळूहळू आंधळा होत गेला असता. आणि छापणारी मी कोण? ढग बघून चंद्र सांगणारी. महिनाभर मी कोणाला काही बोलले नाही. पत्रकाचा कागद समोर घेतला की पहिलंच वाक्य अडायचं.

तिसरी संकष्टी. आकाश लख्ख. चंद्राला पंधरा मिनिटं होती.

"मागच्या वेळी ढग होते," काका म्हणाले.

मी थर्मासचं झाकण फिरवत राहिले.

"हिने खिडकीतून बघितलं होतं. म्हणाली, चंद्र नाहीच, शेवटी प्रोग्रामच्या वेळेवर सोडला उपास. आणि मी घरी येऊन सांगतोय, हवा स्वच्छ होती."

"काका, मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"कुठल्या तोंडाने बोलणार?"

मग ते म्हणाले, "तू तीन मिनिटं लावलीस. मी शून्य लावत होतो. मला ते सुचलंच नाही. तू माझ्यापेक्षा हुशार निघालीस."

गेटवर मी खूप शिव्या खाल्ल्यात. सुरक्षारक्षकांच्या, ठेकेदारांच्या, एकदा तर स्वतःच्या मामाच्या. त्यातली एकही अशी लागली नाही. आणि काकांना टोचून बोलायचं नव्हतं, ते खरोखर कौतुक करत होते, त्यामुळे तर जास्तच.

"डोळे कधीपासून?"

"दोन वर्षं. मधलं गेलं, कडेचं दिसतं. चंद्र चांगला वर आला की कडेने कळतो. उगवताना नाही कळत."

"काकूंना माहीत आहे?"

"तिला सगळं माहीत असतं. येत होती तोवर तीच सांगायची, आला म्हणून. मग तिचं येणं बंद झालं. पहिल्या महिन्यात वाटलं, एक वेळ प्रोग्रामचीच वेळ लिहू, पुढच्या वेळी कोणाला तरी घेऊन येऊ."

"मग आणायचं ना कोणाला तरी!"

"कोणाला?" काका म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "अकरा महिने मी चंद्राची खोटी सही केली. कारखान्यात असतो तर दारातून आत घेतला नसता मला."

मी म्हणणार होते, की आकडे बरोबरच असतील, गणित कुठे बदललंय. त्यांनी ते ओळखलं असावं. "आकडा बरोबर असेलही," ते म्हणाले, "पण बघितलेला नाही."

तेवढ्यात टॉवरच्या उजवीकडे लाल टोक दिसलं. मी म्हटलं, "आला." त्यांनी घड्याळ माझ्याकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, नोंदवहीच्या अगदी वर, सगळ्यांना दिसेल असं: "खालच्या बारा नोंदी रद्द. अकरा मी न बघता लिहिल्या. एक बघायला बसलेल्या व्यक्तीने न बघता सांगितली. चूक माझी." मी म्हटलं, माझं नाव घाला. ते म्हणाले, "तुझं नाव 'काढलं' मध्ये येतंय, पुरे." मग मंजुरीला काकूंकडे. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"चूक माझी कसं? चूक आमची लिही," त्या म्हणाल्या. "मंजूर म्हणून सही मीच करत होते ना दर महिन्याला."

"तुला काय माहीत होतं," काका म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या, "चूक आमची लिही."

चार दिवसांनी त्याच कंपनीचा मेल. सूचना ताबडतोब काढून टाका, ग्राहकांच्या विश्वासाला धक्का बसतोय, उद्या संध्याकाळपर्यंत. का रद्द केल्या, कोण बघत होतं, त्याला काय झालं, काही विचारणा नाही. मी तीन पानांचं उत्तर लिहिलं, त्यात एकही विशेषण सोडलं नव्हतं. काकांनी ऐकून घेतलं आणि एक ओळ सांगितली: "नोंदी खोट्या होत्या. सूचना राहील." माझ्या तीन पानांत जेवढा जोर नव्हता तेवढा या ओळीत होता, आणि यात रागही नव्हता. हे कसं करतात ते मला आलेलं नाही.

माझे तीन चंद्र पुन्हा एकपासून सुरू झाले. खोटी नोंद देणाऱ्याच्या खऱ्याही धरायच्या नाहीत, असा नवा नियम काकांनी त्याच आठवड्यात केला. पावसाळा मध्ये आला, तीन चंद्रांना सहा महिने लागले. तोवर गटातल्या एका मैत्रिणीने फोन करणं सोडलं होतं. शेवटी एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "यार, तू हड़ताल कराने गई थी कि व्रत रखने?" मी हसले.

दिवाळीनंतर काका-काकूंची मुलगी आली आणि दोघांना नाशिकला घेऊन गेली. टीव्ही गोधडीत गुंडाळत असताना काका म्हणाले, "तुझ्या त्या चार ओळी पडून आहेत. तुझे तीन चंद्र झाले. मी तपासल्या, चूक काही नाही. हिची सही तेवढी राहिली."

मला वाटलं काकू नको म्हणतील. मला, खरं तर, हवंच होतं त्यांनी नको म्हणायला. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. "मंजूर. घालायचं तेव्हा घाल. फक्त त्या दिवशी उपाशी राहा."

तेव्हापासून त्या चार ओळी तयार आहेत. तिन्ही चौकोन भरलेत. प्रोग्रामच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, काकांनी जाताना माझ्याकडे दिल्यात, कंपन्यांचे मेल मला येतात, उद्या संध्याकाळपर्यंतवाले. प्रत्येक मेलला मी म्हणते, या संकष्टीला घालतेच. आणि घातलेलं नाही. बायकांची दया येते म्हणून? तसं नाही. काकांना वाईट वाटेल? त्यांनी तर तपासून दिलंय. मग काय? मी फुकट राबणाऱ्यांच्या बाजूने लढायला निघाले होते, आणि आज दर महिन्याला उपाशी पोटी तालावर बसून फुकट राबतेय. मला कोणी फसवलंय का, आणि फसवलं असेल तर कोणी? यादी करून बघितली. कोणाचंच नाव बसत नाही. माझंही नाही.

एवढं मात्र कळतं की हे असं चालणार नाही. मागच्या महिन्यात मला टायफॉइड झाला. नोंदवहीत ती ओळ रिकामी आहे. मी तिथे शून्य लिहिलं नाही, पण अंथरुणात पडल्या पडल्या लिहावंसं वाटलं होतं, ते मी इथे कबूल करते.

म्हणून हे सगळं लिहिलं. ज्यांच्या घरातून किंवा गावाबाहेरच्या एखाद्या बांधावरून पूर्व मोकळी दिसते, आणि महिन्यातली एक संध्याकाळ जे देऊ शकतात, असं कोणीतरी हवंय. एक नाही, पाच-सहा हवेत, म्हणजे एकाचे डोळे गेले, एकीचे गुडघे धरले, तरी चंद्र कोणी ना कोणी बघितलेला असेल. तीन महिन्यांचा नियम मी मोडलेला नाही, मोडणार नाही. पैसे मिळणार नाहीत. हे वाक्य मी आजवर एकाही पत्रकात लिहिलं नव्हतं, याच्याविरुद्धच लिहीत आले. तीनदा खोडलं, चौथ्यांदा ठेवलंय. तुम्ही आलात तर मला आनंद होईल आणि त्याच वेळी तुमचा रागही येईल, की असं फुकट कसं कोणी येतं. तरी या.